गल्लीची पट्टी आणि जांभळ्या टोपणाच्या नळ्या

पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, संशोधनाला गल्लीतून पैसे पाठवायचे म्हटल्यावर पंचांच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, "नाव कुठं लागणार?" विचारला तो सगळ्यात वयस्कर मामांनी, आणि त्यात गैर काही नव्हतं. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत देवळाच्या पायरीपासून सभामंडपातल्या पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर कुणाचं तरी नाव आहे. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा आहे. पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही, एवढंच. संशोधनाला दिलेल्या पैशाचा फलक लागत नाही, हे मी सांगितल्यावर बैठक थोडा वेळ गप्प झाली. मग कुणीतरी चहा मागवला.

हे 2023 सालचं. माझे थोरले काका, ज्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणायची, त्याच्या आदल्या वर्षी गेले. जन्मभर एका क्रेडिट सोसायटीत हिशेबनीस होते. त्यांचा आजार पहिल्यांदा लक्षात आला तो सहीमुळे. चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. नवीन नमुना सही दिली, काही महिन्यांनी तीही जुळेना. घरी त्यांची जुनी वही काढून बघितली तर ठळक, टपोरं अक्षर. नव्या वहीत ओळीच्या सुरुवातीला बरं असलेलं अक्षर शेवटाकडं जाईपर्यंत मुंगीएवढं झालेलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. त्याच्याही आधी बरीच वर्षं आण्णांना वास येत नव्हता. काकूंचा भात करपला तरी शेजारच्या खोलीत ते पेपर वाचत बसलेले असायचे. बद्धकोष्ठ होतं, रात्री झोपेत हातपाय झाडायचे, एकदा तर काकूंना लाथ बसली. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येणार?

डॉक्टरांनी त्यांना खोलीतून चालायला लावलं, एक हात हलत नाही हे बघितलं, बोटं आपटायला सांगितली आणि निदान केलं. एमआरआय काढला तो दुसरं काही नाही ना, एवढं बघायला. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं 1817 साली या आजारावर पहिला निबंध लिहिला तेव्हा त्यात सहा माणसांचं वर्णन होतं, आणि त्यातल्या काहींना त्यानं नुसतं रस्त्यात चालताना बघितलं होतं. दोनशे वर्षांनी आमच्या डॉक्टरांनीही चाल बघूनच सांगितलं. हात कापायला लागतो तोवर मेंदूच्या तळाशी असलेल्या, डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशींपैकी निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात, हेही त्यांच्याच तोंडून कळलं.

उपचार म्हणजे लेव्होडोपाची गोळी, मेंदूत जाऊन तिचं डोपामिन होतं. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिला आत शोषू देत नाहीत. सुरुवातीला गोळीनं आण्णा इतके सुधारले की आम्हाला वाटलं, झालं. मग गोळीचा असर तीन तासांवर आला, मग दोनावर. शेवटची दोन वर्षं काकूंचा दिवस घड्याळाच्या गजरावर चालायचा.

संशोधनाची कल्पना काकूंचीच. आण्णांच्या सोसायटीतले जुने सहकारी, गल्लीतले लोक, आम्ही पुतण्या-भाचे, सगळ्यांना त्यांच्या नावानं काहीतरी करायचं होतं. स्मशानात बाक, शाळेला पाण्याचा कूलर, असं चाललं होतं. काकू म्हणाल्या, "ही गोळी माझ्या लग्नाआधीची आहे म्हणे. पुढचं काय कुणी शोधालंय का नाही?" लेव्होडोपाचे मोठे डोस रुग्णांना उपयोगी पडतात हे 1967 साली सिद्ध झालं. काकूंचं लग्न 1974 चं. त्यांचा हिशेब बरोबर होता.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. त्यामुळे पैसा गोळा करण्यापासून पोहोचवण्यापर्यंतचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

पहिला अडथळा आमच्या पद्धतीतच होता. गणपतीची पट्टी, म्हणजे वर्गणी, गोळा होते तशी ही पट्टी गोळा झाली: वहीत नाव, समोर रक्कम, बहुतेक रोख. देवळाच्या खात्यात भरून तिथून एक चेक द्यायचा, असा बेत. पण ज्या संस्थेशी बोललो तिच्या अकाउंट्स विभागानं विचारलं, देणगीदार कोण, पॅन कुणाचा? त्यांना प्रत्येक देणगीदाराची माहिती आयकर खात्याला कळवावी लागते आणि त्यावरून तेव्हा फॉर्म 10बीईचं, म्हणजे देणगीचं, प्रमाणपत्र निघायचं. गल्ली म्हणजे कुणी देणगीदार होत नाही. शिवाय त्या वर्षीच्या कायद्यात 2,000 रुपयांच्या वर रोख दिलं की आयकरातली वजावट गेली, मग ती साध्या देणगीच्या 80जी कलमाची असो की संशोधनासाठीच्या 80जीजीए ची. संशोधन संस्थेला कलम 35 खाली मान्यता असेल तर पगारदाराला पूर्ण रक्कम वजा मिळायची, साध्या 80जी त बहुतेक वेळा निम्मी. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर दोन्हीकडं शून्य. हे समजावून सांगितल्यावर सोसायटीतले एक काका म्हणाले, "मला कुठं वजावट पाहिजे, मला आण्णाला द्यायचंय." तरी पॅन द्यावाच लागला. शेवटी ज्यांच्याकडं फोनवरून पैसे पाठवायची सोय होती त्यांनी थेट संस्थेच्या खात्यात भरले, आणि वडगावातल्या हातमागवाल्या मावशींसारख्यांचे पैसे घरच्या कुणीतरी आपल्या नावावर भरले. वहीत मात्र मावशींचंच नाव आहे.

कुणाला द्यायचं हे ठरायला त्याहून जास्त वेळ गेला. फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंत ‘कंपवात मुळासकट’ घालवणारे दोघेतिघे सापडले, त्यांना द्यायला गल्लीतले निम्मे तयारही झाले होते. एकजण खाजकुयलीची पूड विकत होता. गंमत म्हणजे खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतं, आयुर्वेदात तिचा वापर जुना आहे. पण डोस किती जातो याचा पत्ता नसताना गोळीच्या जोडीला ती पूड खाल्ली तर काय होईल, हे आमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं आणि तो विषय मिटला. अमेरिकेतलं मायकेल जे. फॉक्सचं फाउंडेशन हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव. त्या नटाला एकोणतिशीतच हा आजार झाला, 2000 साली त्यानं संस्था काढली. पण आमच्या रकमेचा मोठा वाटा बँकेच्या चार्जेसमध्येच गेला असता. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना आधार देतं, ते काम मोलाचं. काकूंना मात्र शोधायला पैसे द्यायचे होते. शेवटी बेंगळूरच्या एका संस्थेतला जनुकांवरचा प्रकल्प आमच्या डॉक्टरांनी सुचवला. त्यात आपल्याकडच्या रुग्णांचं रक्त गोळा करून आजाराची मुळं शोधायची होती.

पण त्याआधी मामांनी अट घातली: डॉक्टरांनी गल्लीत येऊन सगळ्यांसमोर सांगायचं, पैसे कशाला पाहिजेत. डॉक्टर आले. सभामंडपात सतरंज्या घातल्या, आणि मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट माणसं जमली. ती संध्याकाळ मी विसरणार नाही, कारण प्रश्न आले ते सगळे आपापल्या पोटापाण्यातून.

निपाणीचे एक पाहुणे आले होते, तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेला. ते म्हणाले, "आमच्याकडं असली कापरी माणसं कमीच दिसतात." सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत पार्किन्सन कमी आढळतो, हे कित्येक दशकांच्या अभ्यासात पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणून जर्मनी आणि अमेरिकेत रुग्णांना वर्षभर निकोटिनच्या पट्ट्या लावून चाचणी केली. आजार काही मंदावला नाही. पाहुण्यांचा चेहरा थोडा पडला. डॉक्टरांनी लगेच पुढं जोडलं की पार्किन्सन टळायच्या आशेनं तंबाखू ओढणं म्हणजे फुप्फुस देऊन मेंदू मागणं आहे.

उद्यमबागेत फाउंड्री असलेल्या एकांनी मँगनीजचं विचारलं. ओतकामात लोखंडात मँगनीज घालतात, त्याची धूर-धूळ त्यांच्या कामगारांच्या नाकात जाते, आणि त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. हा प्रश्न जुना निघाला. 1837 साली स्कॉटलंडमधल्या मँगनीज दळणाऱ्या कामगारांत अशी लक्षणं नोंदवली होती. तो आजार पार्किन्सनसारखा दिसतो, पण वेगळा. लेव्होडोपाचा त्याला फारसा उपयोग होत नाही. फाउंड्रीवाल्यांनी मास्कबद्दल आणखी दोन प्रश्न विचारले, आणि जाताना मला म्हणाले की त्यांची कंपनी सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामाला पैसे द्यायच्या सक्तीच्या, 5 कोटी नफ्याच्या रेषेखाली आहे, नाहीतर तिकडून दिले असते. स्वतःच्या खिशातून त्यांनी सगळ्यात जास्त दिले.

आणि हुक्केरीकडचा एक ऊसकरी, माझ्या आत्येबहिणीचा दीर. त्यानं गवत मारायच्या औषधाचं विचारलं. पॅराक्वाट. युरोपीय संघात ते 2007 पासून बंद आहे, आपल्याकडं दुकानात मिळतं. फवारणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, प्राण्यांवरच्या प्रयोगांत डोपामिनच्या त्याच पेशी मरताना दिसल्यात. "म्हणजे मला होणार?" त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं एका माणसाबद्दल कुणीच सांगू शकत नाही. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी चोरून बनवलेल्या नशेच्या पदार्थात एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं, आणि काही दिवसांत ती पोरं दगडासारखी ताठ झाली. एका रसायनानं ही अवस्था येऊ शकते हे तिथं ठळकपणे डोळ्यांसमोर दिसलं. बाकीच्यांच्या बाबतीत जनुकं किती, फवारणीची औषधं किती, वय किती, हेच तर शोधायचंय.

तिथं मला पहिल्यांदा नीट उमगलं की आपल्याकडचे पैसे आपल्याकडच्या रक्तावर का लागले पाहिजेत. एलआरआरके-2 नावाच्या जनुकातला एक बदल उत्तर आफ्रिकेतल्या अरब रुग्णांत आणि काही ज्यू रुग्णांत भरपूर सापडतो. त्याच्यावर औषधं शोधायला कोट्यवधी डॉलर लागतायत. भारतीयांत तो जवळजवळ सापडतच नाही. मोजणीचंही तेच. मुंबईच्या पारशी वस्तीत घरोघर जाऊन मोजलं तेव्हा एक लाखात 328 रुग्ण निघाले, बेंगळूर भागात तसंच मोजलं तर 33. दहापट फरक. पारशांत वयस्कर माणसं जास्त हे एक कारण, पण तेवढंच का, हे सांगायला पुन्हा घरोघर जावं लागतं आणि घरोघर जायला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. आपला देश उत्पन्नाच्या शेकडा पाऊण रुपयाहूनही कमी संशोधनावर घालतो, सगळ्या विषयांवर मिळून. त्यातून या कामाला किती येत असेल?

पैसे पोहोचल्यावर प्रकल्पातल्या एका मुलीचा फोन आला. मूळची धारवाडची, आमच्याशी कन्नड-मराठी-हिंदी मिसळून बोलायची. माझ्या सवयीनं मी तिला विचारलं, आमची रक्कम कुठल्या खर्चाखाली टाकणार? मला वाटलं होतं, ती मोठ्या यंत्राचं नाव सांगेल. ती म्हणाली, यंत्र आहे, मोठ्या अनुदानातून घेतलंय. अडतं ते नळ्यांवर, नमुने घेऊन येणाऱ्याच्या बसभाड्यावर, उणे 80 अंशाच्या फ्रीजरला बॅटरीवरचं संरक्षण द्यायला, आणि फिल्डवर जाणाऱ्या एका माणसाच्या मानधनावर. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडून रक्त मिळेल का? निरोगी माणसांचं?"

तुलनेला निरोगी माणसं लागतात हे ऐकून माहीत होतं. किती लागतात हे नव्हतं. ‘गॅप-इंडिया’ या जनुकीय अभ्यासाचं उद्दिष्टच 10,000 रुग्ण आणि त्यांच्या बरोबरीनं 10,000 निरोगी लोक असं आहे. रुग्ण मिळतात, ते दवाखान्यात येतातच. साठी ओलांडलेला, हात न कापणारा, रुग्णाचा रक्ताचा नातेवाईक नसलेला माणूस स्वतःहून कशाला दंड पुढं करेल? म्हणून बहुतेक वेळा रुग्णाच्या नवऱ्याला किंवा बायकोला विचारतात. आण्णा गेले होते, पण काकू होत्या.

पट्टी देताना मागंपुढं न बघणारी गल्ली रक्त म्हटल्यावर घरात शिरली. "पैसे घ्या, रक्त कशाला?" "विकतात म्हणे." "त्यातून काही निघालं तर नातीच्या लग्नाला अडचण." हा शेवटचा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही, कारण आजाराची बातमी सोयरीक मोडते हे सगळ्यांनी बघितलंय. नमुन्यावर नाव नसतं, कोड असतो, हे त्या मुलीनं येऊन चारदा सांगितलं.

आणि तिथंच संमतिपत्राचा घोळ निघाला. ते इंग्रजी आणि कन्नडमध्ये होतं. काकूंना कन्नड बोलता येतं, बाजारात रोज बोलतात, पण वाचता येत नाही. त्यांची शाळा मराठी. सीमाभागात कागदावरची भाषा म्हटलं की लगेच मोर्चाचा वास येतो, म्हणून मी आधीच सांगितलं की यात भांडण नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे, सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत संमती घ्यावी. मुलीला ते माहीत होतं. तिच्याकडं मराठी मजकूर तयार नव्हता एवढंच. तो करून घ्यायचा, दुसऱ्या माणसानं उलट भाषांतर करून ताडून बघायचा, मग नैतिकता समितीपुढं ठेवायचा, तिची बैठक होईपर्यंत थांबायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आमच्या पट्टीतला पहिला खर्च या मराठी संमतिपत्रावर झाला, हे कळल्यावर मामांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याची झेरॉक्स देवळाच्या कपाटात ठेवायला सांगितली.

रक्त द्यायच्या दिवशी काकू नऊवारी नेसून आल्या. संमतिपत्राचं प्रत्येक पान चष्मा लावून वाचलं, "केव्हाही माघार घेता येईल" या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "खरंच का?" आणि खरंच म्हटल्यावर सही केली. टपोरी, ओळीच्या बाहेर जाणारी. मग जांभळ्या टोपणाची नळी, दंडाला रबरी पट्टा, नळी भरल्यावर मुलीनं ती हलक्या हातानं उलटी-सुलटी केली, रक्त गोठू नये म्हणून. वासाची चाचणीही झाली. एका वासाला काकू म्हणाल्या, "हे रॉकेल." पर्यायांत रॉकेल नव्हतं. मुलीनं सगळ्यात जवळचा निवडायला सांगितलं, तर काकूंनी नकार दिला. मागून मामाही आले, दंड पुढं केला, तोंड दुसरीकडं. त्यांच्या मागं आणखी काही जण. जेवढे लागत होते तेवढे मिळाले नाहीत, पण मुलीच्या म्हणण्याप्रमाणं एका गल्लीतून एवढे तिला आधी कुठं मिळाले नव्हते.

मार्चनंतर प्रमाणपत्रं आली आणि संस्थेचं खर्चाचं पत्रही आलं. माझ्या कामात मी पुष्कळ खर्चपत्रं बघते. हे साधं, खरं वाटणारं होतं. मामांना अजून विचारावंसं वाटतं, "सापडलं का काही?" मी त्यांना सांगते की फॉक्स फाउंडेशनच्या अभ्यासात 2010 पासून माणसं नोंदवायला घेतली, आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून बिघडलेलं अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीचा 1,123 जणांवरचा निकाल 2023 साली छापून आला. कंप सुरू व्हायच्या आधीही काहींच्यात ती चाचणी पॉझिटिव्ह आली. तेरा वर्षं. "मग मी काही बघत नाही," मामा म्हणतात. त्यांचं वय बघता त्यांचा अंदाज बरोबर असेल.

यंदाच्या बैठकीत त्यांनी पेपरातलं कात्रण आणलं. मधुमेहाच्या एक्सेनाटाइड या औषधानं पार्किन्सन मंदावेल अशी मोठी आशा होती. ब्रिटनमध्ये 194 रुग्णांवर जवळजवळ दोन वर्षं चाचणी झाली आणि 2025 च्या सुरुवातीला निकाल आला: फायदा नाही. "एवढे पैसे पाण्यात," मामा म्हणाले. मी म्हटलं, आता तरी ते औषध लोक भाबडेपणानं विकत घेणार नाहीत ना. ते कुणाला पटलं असं दिसलं नाही. मामांचा प्रस्ताव होता की निम्मी पट्टी खानापूरकडच्या रुग्णांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या गाडीभाड्याला द्यावी. तिकडच्या माणसाला बेळगावला यायचं म्हणजे दिवस मोडतो, हे खरंच आहे. मी विरोधात बोलले. निम्मे झाले की नळ्याही निम्म्या होतात. काकूंनी मात्र मामांच्या बाजूनं हात वर केला. म्हणाल्या, आण्णांना शेवटी चालवायला कुणी आलं असतं तर बरं झालं असतं.

ठराव झाला. पट्टीची पावती आता दोन रकान्यांची छापलीय, एक व्यायामाचा, एक संशोधनाचा, ज्यानं त्यानं आपला आकडा हवा तिकडं लिहायचा. मी माझी सगळी रक्कम संशोधनाच्या रकान्यात लिहिली. वहीच्या पहिल्या पानावर बघितलं, तर आतापर्यंत व्यायामाचा रकाना पुढं आहे.